ओळ क्रमांक दोनशे अकरा

सबटायटलचा नियम सोपा असतो:
दोन ओळी, ओळीत बेचाळीस अक्षरं,
आणि माणूस गप्प झाला की आपणही गप्प.
कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला गोधडी टांगून
मी आणि झुंबर काळे
ऑस्ट्रेलियातल्या एका म्हातारीचं मराठी करत बसलो होतो.

सुरुवातीला नुसता काळा पडदा. त्यावर इशारा:
या माहितीपटात मेलेल्या माणसांचे चेहरे आहेत, आवाज आहेत,
त्यांच्या माणसांनी जपून पाहावं.
मी हे झरझर टाइप केलं.
झुंबरने हेडफोन काढून थोडा वेळ हातात धरला.
मग परत घातला.

डोरीनमावशी बोलण्याआधी बसायची जागा हाताने झाडते.
लाल माती. मागे कावळा;
तिकडचा कावळा तान्ह्या मुलासारखा रडतो.
ती सांगते, सरकारी गाडीचा आवाज आला की
आई मला चुलीतली राख फासायची,
उजळ पोरं नेत असत ना, म्हणून.
त्या दिवशी ऊन फार होतं.
राख घामाने उतरली.
नऊ अक्षरं. आरामात बसली ओळीत.

पुढे वसतिगृह, घंटा, साबणाने धुतलेल्या जिभा.
आपल्या बोलीतला एक शब्द निसटला की साबण.
रात्री आठला रांगेत उभं राहून आपापला नंबर म्हणायचा.
मी लिहिलं, 'पटावरची गणती'.
झुंबर म्हणाला, हजेरी लिहा, ताई.
आमच्यात हजेरीच म्हणतात.
आज्या द्यायचा, तारेच्या आतून, दिवसाला तीनदा.
सोयरिकीला जायचं तरी पास,
मयतीला जायचं तरी पास.
देश सुटला, त्याच्या पाच वर्षं सोळा दिवसांनी
आमचा आज्या सुटला.
बोलता बोलता तो आवाजाची पट्टी वरखाली करत होता,
कुणी बसचा नंबर सांगावा तसा.

मी 'हजेरी' लिहिलं.
आणि मला आमच्या दिवाणखान्यातली चौकट आठवली:
आजोबांचं प्रशस्तिपत्र.
वसाहतीतले कारकून, नोंदी चोख, अक्षर मोत्यासारखं,
खाली साहेबाची तिरकी सही.
त्याच अक्षराचं वळण आम्ही नातवंडांनी गिरवलं.
शाळेत मला त्यासाठी दोनदा बक्षीस मिळालं,
दोन्ही वेळा कंपासपेटी.
झुंबरला मी यातलं काही सांगितलं नाही.
चहा टाकायला उठले.

अडलो ते दोनशे अकराव्या ओळीवर.
मावशी एक शब्द उच्चारते आणि मातीवर तळवा ठेवते.
म्हणते, तो माझा नाही, मी त्याची,
खूप वर्षांनी परतले तरी त्याने मला ओळखलं.
मी 'देश' लिहून पाहिलं. देशाला झेंडा असतो.
'जमीन' म्हटलं तर सातबारा आला.
'मुलूख' म्हणताच घोड्यांच्या टापा.
'गाव' लिहिलं, तेव्हा झुंबर हसला, पहिल्यांदाच.
गाव म्हणजे जिथून आम्हाला हाकलतात ते, ताई.
शेवटी त्याने वाऱ्याची पट्टी दोन टिचक्या वर नेली.
म्हणाला, राहू द्या रिकामं.

प्रभात रोडच्या छोट्या सभागृहात साठेक माणसं आली.
दिवे लागले. टाळ्या बेताच्या, सुसंस्कृत.
पहिल्या रांगेतल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या,
किती क्रूर हो ही माणसं,
आपल्याकडे सुदैवाने असलं काही...
मग स्वेटर घातलेले एक गृहस्थ उभे राहिले.
सूचना आहे, म्हणाले.
एके ठिकाणी त्या आजीबाई बोलताहेत
आणि खाली मराठी नाही. तुमची एक ओळ राहून गेली आहे.
वही उघडून त्यांनी मिनिट आणि सेकंदही सांगितलं.

माईक माझ्या हातात आला.
दाराशी झुंबर कोपराभोवती केबल गुंडाळत होता,
वेटोळ्यावर वेटोळं, न बघता.
मी म्हटलं, हो, राहिली आहे.
आणि मग, का कुणास ठाऊक, म्हटलं,
माझे आजोबा कारकून होते.
त्याचा हात थांबला.